पेन उठत नाही

ज्या घरात पेनं भरपूर, त्या घरात ऐन वेळी लिहायला पेन सापडत नाही. कारण साधं आहे. चालणारं पेन घरात टिकत नाही. ते मुलाच्या कंपासपेटीतून शाळेत जातं, गणपतीची वर्गणी न्यायला आलेल्यांच्या खिशात जातं, नाहीतर ‘दोन मिनिटांत आणून देतो’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याबरोबर जातं. न चालणारं पेन मात्र जो उचलतो तो चार रेघोट्या ओढतो आणि इमानदारीत जागेवर ठेवून देतो. अशी वर्षानुवर्षं गाळणी होत होत आमच्या टीव्हीशेजारच्या कान तुटक्या कपात आता फक्त कसलेली, काही केल्या न उठणारी पेनं उरली आहेत. त्यातलं एक कुणाच्या तरी लग्नातलं आहे. वधूवरांची नावं सोनेरी अक्षरांत अजून शाबूत आहेत. त्यांचा मुलगा यंदा इंजिनिअरिंगला गेला.

टाकून का देत नाही? बाबांना विचारा. ते रिफिल बाहेर काढतात, ट्यूबलाइटसमोर आडवी धरतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, “अर्धी शाई आहे की रे अजून!” हा निकाल अंतिम. शाई दिसते तोवर पेन गेलं असं आमच्या घराण्यात धरत नाहीत.

मग उपचार सुरू होतात. आधी रेघोट्या. यात प्रत्येकाचा हात वेगळा. आई इंग्रजी आठाचा आकडा गिरवते, मुलगा स्प्रिंग काढतो, बाबा ‘श्री’ लिहितात. आमच्या प्रत्येक वीजबिलाच्या कडेला शाई नसलेले, नुसते उमटलेले श्री आहेत. बिल तिरपं धरलं की दिसतात. त्यानंतर टोकावर ‘हाऽऽ’ करून वाफ सोडणे. त्यानंतर दोन्ही तळव्यांत रिफिल खसाखसा चोळणे. आणि एवढ्यानेही भागलं नाही तर चप्पल.

या चपलेला लोक उगाच हसतात. रिफिलच्या टोकाला एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा छर्रा असतो, बहुतेक वेळा टंगस्टन कार्बाइडचा. तो फिरला की पाठीमागची शाई पुढे येते. शाई टोकाशी वाळली की छर्रा अडकतो, आणि गुळगुळीत कागदावर नुसता घसरत राहतो. रबराचा तळ त्याला पकडतो आणि फिरायला लावतो. त्यामुळे दारात उकिडवे बसून स्लीपरच्या तळावर गोल गोल गिरवणारे बाबा शास्त्राला धरूनच असतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा समज मात्र काही वेगळाच होतो.

काडी ओढून टोक शेकण्याचीही एक पद्धत आहे. पितळी टोक तापतं, घट्ट झालेली शाई सैल होते, हे खरं. पण प्लॅस्टिकची नळी त्याहून आधी सैल होते. त्यापेक्षा कपभर गरम पाणी बरं. फक्त तो कप नंतर चहाला घेऊ नये, आणि ही सूचना घरात सगळ्यांना आधी द्यावी.

मुळात शाई वाळते यात पेनाचा दोष नाही. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने छापखान्यातली शाई झटकन वाळते हे पाहिलं आणि तशीच शाई पेनात हवी असं त्याच्या मनाने घेतलं. फाउंटन पेनात ती वाहीना. मग छर्रा आला, रसायनं जाणणारा भाऊ मदतीला आला आणि 1938 साली पेटंट झालं. म्हणजे लवकर वाळणारी शाई मुद्दाम शोधायची आणि ती टोकावर वाळली की पेनाच्या नावाने बोटं मोडायची! पुढे बिरो अर्जेंटिनात गेला. त्याचा जन्मदिवस, 29 सप्टेंबर, तिथे संशोधक दिन म्हणून पाळतात. वाळलेलं पेन उठवणाऱ्यांसाठी कुठे काही दिवस नाही.

पण आमच्या घरातली खरी भांडणं होतात ती कालनिर्णयवर. दुधाचा हिशेब तिथे असतो. टेबलावर झकास चालणारं पेन भिंतीवरच्या बारा तारखेच्या चौकोनात ‘१ लि.’ म्हणायच्या आत दम तोडतं.

“अहो, हे कसलं पेन दिलंत?”

“आत्ता तर चालत होतं!”

दोघंही खरं बोलत असतात. शाई छर्र्यापर्यंत येते ती स्वतःच्या वजनाने. भिंतीवर लिहिताना टोक वर जातं, शाई मागे राहते आणि छर्रा हवा आत घेतो. अशा वेळी चप्पल, गरम पाणी सगळं फुकट. टोक बाहेरच्या बाजूला धरून हात गरागरा फिरवावा लागतो, तोही दिवाणखान्यात शोभेच्या वस्तू नसतील तर. तोपर्यंत बायकोने नखाने खूण केलेली असते, आणि महिनाअखेरीला दूधवाल्याला ती खूण मान्य नसते.

यावर इलाज नाही असं नाही. फिशर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने नायट्रोजनच्या दाबाने शाई पुढे ढकलणारं पेन काढलं. ते उलटं धरलं तरी लिहितं. 1968 साली अपोलो 7 मधून ते अंतराळात गेलं. अंतराळवीरांची आणि आमच्या हिची अडचण एकच होती, हे मी जेवताना सविस्तर समजावून सांगितलं.

“केवढ्याला पडतं?” हिने विचारलं.

मी आकडा सांगितला.

“तेवढ्यात दूध येईल,” ती म्हणाली आणि आमटी वाढायला उठली.

बाबा मात्र विचारात पडले होते. “त्याची रिफिल कशी असते रे? आतली शाई दिसते?”

“नाही. धातूची बंद नळी असते.”

“अरे, मग ते टाकायचं कधी?”