उन्हाळी कथक शिबिर : पालकांसाठी नियमावली

प्रस्तुत नियमावली नाचणाऱ्यांसाठी नाही; ती मुलं शिकतातच. ती आहे हॉलबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी ठिय्या मारणाऱ्या पालकवर्गासाठी. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी नाचावं का, यावर वाद होता. आता वाद होतो तो सकाळच्या बॅचवरून.

नियम १. दहा दिवसांच्या शिबिराकडून दहा दिवसांचीच अपेक्षा ठेवावी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा असतात. तिसऱ्या दिवशी "सोलो कधी?" असे विचारणाऱ्या मातेस उत्तर देण्यास ताई बांधील नाहीत.

नियम २. तत्काराला 'नुसतं पाय आपटणं' म्हणू नये. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्; आधी बराबर, मग दुगुन, मग चौगुन. चौगुनीत त्रितालाच्या एका आवर्तनात चौसष्ट पाय पडतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते मोजलेले असतात.

नियम ३. घुंगरं सुती दोरीत ओवलेली, पितळेचीच घ्यावीत. मोठ्या ताया एकेका पायात शंभर बांधतात, म्हणून सात वर्षांच्या मुलीला तेवढी बांधू नयेत; पाय उचलणार कसा? घोट्यापासून वर, घट्ट गुंडाळावीत. सैल बांधली की पहिल्याच चक्करला घरंगळतात, आणि मग सगळा वर्ग थांबतो.

नियम ४. बाराला आमरस-पुरी आणि एकला चक्कर, असे वेळापत्रक आखू नये.

नियम ५. घरी पढंत, म्हणजे हाताने ताल देत म्हटलेले बोल, ऐकून घ्यावी. त्रितालाची टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला, नववी खाली. जेवताना पोरगी ताटाशेजारी हात आपटते म्हणून ओरडू नये. आठवडाभरात सिग्नलला थांबलेल्या बाबांचाही हात स्टिअरिंगवर नवव्या मात्रेला उलटा पडू लागतो. हे सुलक्षण समजावे.

नियम ६. समारोपात तिहाईचा तुकडा पहिल्यांदा संपताच टाळ्या वाजवू नयेत. तो तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा समेवर पडतो, टाळी तेव्हा. आणि ते मोबाइल खाली घ्या हो! मागच्या आजींना नातीऐवजी पंधरा स्क्रीन दिसतात. चित्रीकरण एकाच पालकाने करून सर्वांना पाठवावे. तो पालक कोण, यावरून ग्रुपवर भांडणे झाल्यास शिबिर जबाबदार नाही.