कचऱ्याच्या पिशवीचं कूळ

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानात कचऱ्याच्या पिशव्या मागितल्या, तर दुकानदारानं दोन गठ्ठे पुढ्यात टाकले आणि विचारलं, "सर, एचएम देऊ का एलडी?"

तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारून पोरांना घाम फोडला. आता उलट कुणी विचारलं की माझ्याच तोंडाला कोरड पडते. माझा चेहरा बघून त्यानं एक पिशवी माझ्या कानापाशी धरून चुरगाळली. "ही वाजतीया." मग दुसरी दोन्ही हातांनी ओढली. "ही वाजत न्हाई, ताणतीया. तुमचा कचरा कसला हाय, त्येच्यावर हाय बघा."

आमचा कचरा कसला आहे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "चारचौघांसारखाच," असं पुटपुटलो. त्यानं दोन्ही दिल्या.

खरा तोंडी परीक्षेचा प्रसंग घरी होता. आईचं वय चौऱ्याऐंशी, आणि कचऱ्याची पिशवी विकत आणायची असते हे तिला अजून पटलेलं नाही. "टाकायला म्हणून इकत आणायची? मग नोटाच टाक की टिप्परात." तिच्या काळी पत्र्याचा डबा, तळाला शिळा पेपर, आणि डबा कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात पालथा केला की विषय संपला. पुढं भाजीबरोबर फुकटच्या पिशव्या यायला लागल्या आणि त्याच कचऱ्याला जायच्या. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार दंड. फुकटच्या पिशव्या कपिलतीर्थ मार्केटातून काही दिवस तरी गायब झाल्या, आणि मग आमच्या लक्षात आलं की डब्यात घालायला घरात काहीच उरलेलं नाही. बंदीनं मला दोन गोष्टी विकत घ्यायला लावल्या, एक कापडी पिशवी आणि एक प्लॅस्टिकची.

दुधाच्या पिशवीला मात्र त्या बंदीतून सूट होती. एक अट अशी की पिशवी परत घेण्याची किंमत, निदान पन्नास पैसे, तिच्यावर छापायची. आई हे वाचून खूश झाली. ती गेली कित्येक वर्षं दुधाची पिशवी टाकतच नाही. कोपरा असा कापते की तुकडा लोंबत राहिला पाहिजे, सुटता कामा नये. मग पिशवी विसळून दुधाळ पाणी जास्वंदीला, आणि पिशवी चिमटा लावून दोरीवर. गच्चीत माझ्या शर्टाशेजारी पाच-सहा पिशव्या फडफडत असतात. ते पन्नास पैसे रोख मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे, पण भंगारवाला किलोवर घेतो आणि आईशी घासाघीस करताना हरतो.

"ह्या पिशव्यांचं तो पुढं काय करतो?" असं तिनं एकदा विचारलं. मला ठाऊक नव्हतं. लक्ष्मीपुरीतला तो प्रश्नही डोक्यात होताच. म्हणून एका शनिवारी शिरोलीच्या एमआयडीसीत गेलो. तिथं माझ्या एका वर्गमित्राचं पिशव्यांचं छोटं युनिट आहे. दहावीला गणितात काठावर सुटलेला हा गडी आता मायक्रॉनमध्ये बोलतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, हे त्यानं मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. शाळेत हे त्याला मीच सांगितलं होतं.

यंत्र बघण्यासारखं आहे. वरच्या चाडीत दाणे ओततात. साबुदाण्याएवढे, पण काळे. आतला स्क्रू त्यांना पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापवत पुढं रेटतो, आणि वितळलेला लगदा एका गोल फटीतून नळीसारखा वर निघतो. त्या नळीत हवा भरतात. बघता बघता दुधी भोपळ्यासारखा लांबलचक काळा फुगा छताकडं चढत जातो, थरथरत, चकचकत. वर दोन रुळांत सापडून चपटा होतो, खाली येतो, ठरावीक अंतरावर चिकटतो आणि कापला जातो. झाली पिशवी. एवढ्या डौलात वर गेलेली वस्तू शेवटी आपल्या कांद्याच्या सालींसाठी, याचं मला वाईट वाटलं.

"दाणा कशाचा?" मी विचारलं.

"सगळ्याचा," मित्र म्हणाला. दुधाच्या पिशव्या, गाद्यांवरची वेष्टनं, खताच्या गोणीतलं अस्तर. धुवायचं, चिरायचं, वितळवायचं, पुन्हा दाणा पाडायचा. दुधाच्या पिशवीवरची निळी-हिरवी शाई त्यात उतरते, म्हणून दाणा मळकट, ना धड करडा ना हिरवा. मग त्यात काजळी घालायची. एकदा काळं केलं की कुणाचं मागचं कुणाला दिसत नाही. "आणि ही पांढरी पूड?" ती चुनखडीची. दाणा महाग, चुनखडी स्वस्त, आणि माल जातो किलोवर. जास्त घातली तर पिशवी कडक होऊन फाटते. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणतो, "मास्तर, तुम्ही ग्रेस मार्क देत नव्हता व्हय?" मी गप्प बसलो.

वाजणारी आणि ताणणारी यांचा उलगडाही तिथंच झाला. दोघी पॉलिथीनच, एकाच इथिलीन वायूच्या साखळ्या. पण एलडीच्या साखळीला फांद्या असतात. बाभळीच्या फांद्यांचा भारा कितीही आवळा, आत पोकळी राहतेच, म्हणून ती मऊ, लवचिक. एचएममधली साखळी पाला सोललेल्या उसासारखी सरळ, मोळीत घट्ट बसणारी. म्हणून ती पातळ असूनही दणकट, आणि हात लावला की कुरकुरते.

फांद्यांची आधी सापडली. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडात आयसीआयच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट या दोघांनी इथिलीन प्रचंड दाबाखाली कोंडून ठेवला. शनिवार-रविवार गेला, सोमवारी उघडून बघतात तर भांड्यात मेणासारखा पांढरा थर. अपेक्षा दुसऱ्याच कशाची होती. महायुद्धात ते मेण रडारच्या तारांवर चढलं. सरळ साखळीचं तंत्र जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी १९५३ मध्ये काढलं आणि १९६३ ला इटलीच्या नात्ता यांच्यासोबत नोबेल घेतलं. त्याच वर्षी इकडं आपला गोकुळ दूध संघ निघाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता, पण आमच्या दोरीवर त्या शेजारी शेजारी वाळत असतात. आणि कचरा पिशवीत भरण्याची कल्पना १९५० च्या सुमाराची, कॅनडातल्या हॅरी वॅसिलिक आणि लॅरी हॅन्सन यांची. पहिलं गिऱ्हाईक विनिपेगचं एक इस्पितळ.

इथपर्यंत सगळं परक्यांचं होतं. पुढचं कळलं तेव्हा मात्र मी खुर्चीत सरळ झालो. भारतात पॉलिथीन पहिल्यांदा १९५९ मध्ये बंगालमधल्या रिशरा इथं तयार झालं, आणि त्यासाठी लागणारा इथिलीन खनिज तेलातून नव्हे, अल्कोहोलपासून काढत होते. अल्कोहोल कशापासून? मळीपासून. म्हणजे साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला जिचा वास येतो, ती मळी! ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं पॉलिथीन मोठ्या कारखान्यात निघतंय. ज्या जिल्ह्यात रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या ऊस चालतो, तिथं कचऱ्याची पिशवी गुळाची चुलत बहीण निघाली, याचा अभिमान धरावा की लाज, ठरवता येईना.

आईला सांगितलं. तिनं लग्न जुळवल्यासारखा चेहरा केला. "उसाची हाय म्हणजे कुजत असंल की मग." न्हाई कुजत, आई. उसाची असो की तेलाची, साखळी तीच. आणि गंमत पुढं आहे. आता कंपोस्टेबल म्हणून मिळतात त्या पिशव्यांत मक्याच्या पिठाबरोबर पीबीएटी नावाचं जे असतं, ते बहुतेक खनिज तेलातूनच येतं, आणि ते मात्र कुजतं. उसाच्या कुळातली चिवट, तेलाच्या कुळातली मातीत मिळणारी. कूळ बघून सोयरीक करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

कंपोस्टेबलचा अनुभवही घेतला. प्रमाणपत्राच्या हिशोबानं ती ५८ अंशांच्या आसपास गरम राहणाऱ्या खतात १८० दिवसांत नव्वद टक्के तरी कुजावी लागते. एवढा धीर आहे म्हणून मी वर्षभराचा साठा आणला आणि मोरीखालच्या ओलसर कप्प्यात ठेवला. चूक माझीच. एका रविवारी मटणाची हाडं आणि कलिंगडाची सालं भरून जिना उतरत होतो, टिप्परचं गाणं वाजत होतं, आणि दुसऱ्या वळणावर पिशवीनं मोरीखाली सुरू केलेलं काम पुरं केलं. एक नळी ठणठणत खालच्या काकूंच्या दारात गेली. काकूंनी दार उघडलं, नळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काल तांबडा रस्सा का पांढरा?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून पुन्हा काळीच. फक्त टिप्परात पिशवी टाकायची नाही, असा आईचा हुकूम आहे. तळाला धरून उलटी करायची आणि परत आणायची. टिप्परवाला पोरगा पहिल्यांदा हसला, आता सवयीनं थांबतो. काल सकाळी गच्चीत गेलो तर दोरीवर दुधाच्या पाच पिशव्या, आणि कडेला, तशाच चिमट्यानं लावलेली, उलटी करून धुतलेली काळी. आई तिचा तळ उजेडाकडं धरून बघत होती.

"का गं?"

"बघतोय, आपली कुठली हाय त्यात."