श्रद्धा दिसली पाहिजे! (फक्त पुरुषांसाठी)

वसईच्या ख्रिस्ती पुरुषाची एक जुनी अडचण आहे. बाप्तिस्मा झाला तेव्हा तो तान्हा होता, आणि पुढे आडनावच डिसोझा, लोपीस किंवा परेरा असल्यामुळे त्याच्या श्रद्धेची चौकशी कोणी केलीच नाही. पण श्रद्धा नुसती असून भागत नाही, चारचौघांत दिसावी लागते. म्हणून हे मार्गदर्शन. गिरीज, निर्मळ, नंदाखाल, पापडी, कोणत्याही धर्मग्रामात ते सारखेच लागू पडते.

१. क्रूस

क्रूस सोन्याचा आणि ठसठशीत असावा. तो शर्टाच्या आत राहिला तर पैसे फुकट गेले, म्हणून वरची दोन बटणे उघडी ठेवण्याची सवय करावी. गाडीच्या आरशाला जपमाळ लावावी आणि मागच्या काचेवर तारणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. मात्र त्यानंतर सिग्नल तोडू नये; मागच्याला मजकूर वाचायला वेळ मिळत नाही. क्रूस मिरवण्यापुरताच ठेवावा, हे ओघाने आलेच. प्रत्यक्ष क्रूसावर जाण्याचे काम आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांनी १५९७ सालीच नागासाकीला उरकले आहे. त्यांनाही आधी व्यापारात बरे दिवस होते. पण सगळ्यांनीच एवढे टोक गाठायची गरज नाही.

२. रविवारची मिस्सा

पुरुषाची जागा चर्चच्या दाराबाहेर, झाडाखाली, उभ्या केलेल्या बाईकवर. आत बसलेला माणूस फक्त मागच्या बाकाला दिसतो. बाहेर उभा असलेला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतो. प्रवचन सुरू झाले की बाहेर यावे आणि पवित्र कम्युनियनची रांग लागली की आत शिरावे. मधला वेळ वाया जात नाही. आत फादर, पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा हवाला देऊन पाणी आणि झाडे वाचवा म्हणून सांगत असतात, तेव्हा बाहेर कोणाचे बावखल, म्हणजे वाडीतले तळे, किती डंपर मातीत बुजेल आणि त्यावर किती खोल्या निघतील याचा हिशेब पुरा होतो.

३. उपवासकाळ

राखेच्या बुधवारी सकाळची पहिली मिस्सा गाठावी. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादर कपाळावर लावतात. ती पुसू नये, पण फार भरवसाही ठेवू नये. विरार लोकलमध्ये अंधेरी येईपर्यंत तुमची राख शेजाऱ्याच्या बाहीवर गेलेली असते आणि ऑफिसात पश्चात्ताप त्याचा दिसतो.

पुढे शुक्रवारी मटण वर्ज्य. नियमात मासळी येत नाही, त्यामुळे पाचूबंदरच्या मोठ्या पापलेटावर आत्मक्लेश करता येतो. दारू सोडल्याचे मित्रमंडळींना एकेकट्याला गाठून सांगावे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. त्यातले ६ रविवार वजा केले की ४० उरतात. या वजाबाकीचा जाणकारांनी काय उपयोग केला आहे ते वाइन शॉपवाल्याला विचारावे. उपवासाचा नियम वयाच्या ५९ पर्यंतच बांधतो. साठावे वर्ष लागताच तो सुटतो, आणि मग ‘आमच्या वेळी कसे कडक उपवास होते’ हे सांगण्याचा अधिकार प्राप्त होतो.

४. पवित्र गुरुवार

या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत नाव लागावे म्हणून महिनाभर आधी शब्द टाकून ठेवावा. २०१६ पर्यंत नियमाने हा मान पुरुषांचाच होता. त्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी तो स्त्रियांनाही खुला केला, त्यामुळे स्पर्धा वाढली आहे. पाय घरूनच साबणाने घासून, टाचा दगडाने घासून, नखे कापून न्यावेत. फादरांना धुण्याजोगे काही शिल्लक ठेवू नये. घरी अंथरुणाला खिळलेल्या बाबांचे पाय बायको रोज कोमट पाण्याने पुसते, पण त्या कामाचा फोटो कोणी काढत नाही. सबब या मार्गदर्शिकेत त्याचा समावेश नाही.

५. दान

पंखा द्यावा. पंख्यावर नाव घालता येते, आणि मे महिन्यात अख्खे चर्च वर बघते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या भानगडीत पडू नये. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केलेले हे काम अजून तसेच चालते: गरिबाच्या घरी स्वतः जायचे, त्याचे ऐकून घ्यायचे, आणि सभेत पिशवी फिरते तेव्हा कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही. एवढी गैरसोय कशाला?

शंकासमाधान

*प्रश्न :* मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात तुमचा उजेड लोकांना दिसू द्या म्हटले आहे, आणि सहाव्यात दान, प्रार्थना, उपवास लपवून करा. मग करायचे काय?
*उत्तर :* पाचवा अध्याय पाठ करावा. सहावा प्रवचनात येतो तेव्हा आपण झाडाखाली असतोच.

*प्रश्न :* संत योसेफांचे काय? शुभवर्तमानात त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. झोपेतून उठले, सांगितलेले केले, बायको-मुलाला घेऊन इजिप्तला गेले.
*उत्तर :* हल्ली इतक्या अबोल माणसाला पॅरिश कौन्सिलवर कोण घेणार?

परीक्षा

अभ्यासक्रम पुरा झाल्यावर एक परीक्षा असते. दुर्दैवाने परीक्षक आपण निवडायचे नसतात. पहिला आपला भाडेकरू; खोली सोडताना डिपॉझिट परत मिळाले का, एवढेच तो सांगतो. दुसरा वाडीतला मजूर. त्याला शनिवारी पैसे मिळाले की ‘सोमवारी बघू’ मिळाले? तिसरी बायको, आणि तिच्यापुढे तोंडी परीक्षा रोज असते. यांपैकी कोणीही स्टिकर, राख किंवा पंखा पुरावा म्हणून धरत नाही.

नापास झाल्यास खचू नये. पापनिवेदनाला जावे. मात्र तिथे जाळीपुढे गुडघे टेकून हळू आवाजात खरे बोलावे लागते, आणि आपण ते केले हे बाहेर कोणाला दाखवायची काहीही सोय चर्चने केलेली नाही.