आचार्य, आचारी आणि पापणीएवढा र

युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एकेक क्रमांक नेमून देणारी व्यवस्था होय, आणि १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून अक्षर दिसेल कसे याची हमी तिने कधीच घेतलेली नाही. अक्षराचा चेहरा ठरवतो तो टंक, म्हणजे फाँट, आणि तो ज्याच्या त्याच्या यंत्रात असतो किंवा नसतो. शिवाजीनगर या नावाचेही असेच आहे. ते उच्चारताच पुणेकराच्या डोळ्यांपुढे जुने भांबुर्डे उभे राहते, तर बेंगळुरूकराच्या डोळ्यांपुढे एकेकाळची ब्लॅकपल्ली, तिथले रसेल मार्केट आणि कन्नड, उर्दू, तमिळ व इंग्रजी पाट्यांची दाटी. नाव एकच, चित्र मात्र पाहणाऱ्यागणिक निराळे.

युनिकोड रुळण्यापूर्वी तर क्रमांकाची हमीही नव्हती. 'शिवाजी' याच नावाच्या जुन्या टंकात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे ज्या संगणकात तो टंक नसे तिथे लग्नपत्रिकेचा इंग्रजी चिवडा होई. कन्नड मंडळींनी हेच दुःख 'नुडी' आणि 'बरह' या लेखनप्रणालींच्या जुन्या टंकांसह भोगले. रुपयाच्या चिन्हाला सरकारने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडने त्याला क्रमांकही दिला, पण ज्या यंत्रांपर्यंत नवा टंक पोचला नव्हता तिथे त्याच्या जागी रिकामी चौकट दिसे, जिला या धंद्यात टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, म्हणतात. कांद्याचा भाव पनीरात वाचण्याचा हा योग अल्पकाळच टिकला, हे ग्राहकाचे भाग्य.

मराठीचे खरे दुखणे मात्र याहून बारीक, पापणीएवढे आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांचा' सत्कार विद्वानांचा आणि 'आचाऱ्यांचा' सत्कार स्वयंपाक्यांचा. पहिल्या जोडाक्षरात र रफार होऊन डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तो आडवा होऊन शेजाऱ्याला टेकतो, आणि या टेकलेल्या र ला युनिकोडच्या परिभाषेत 'पापणी र' असे नाव आहे. तो लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. एका वाटेत र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे कागदावर न दिसणारे पण शेजाऱ्यांची जुळणी ठरवणारे चिन्ह, योजतात. दुसऱ्या वाटेत खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण यंत्राच्या लेखी ते भिन्न असल्यामुळे एका वाटेने लिहिलेला आचारी दुसऱ्या वाटेने शोधता सापडेलच असे नाही, आणि वाढपाची वेळ झालेली असताना ही उणीव विशेष जाणवते.

त्यातही पहिली वाट धोक्याची, कारण काही ॲपे मजकूर इकडून तिकडे नेताना अदृश्य चिन्हे केराप्रमाणे झाडून टाकतात. जोडक गळाला की पापणीचा रफार होतो, आणि यातली गंमत अशी की बिघाड नेहमी एकाच दिशेने होतो: आचाऱ्याला आचार्यपदाची बढती मिळते, आचार्य मात्र चुकूनही चुलीपाशी जात नाहीत. 'आचाऱ्यांची मजुरी' म्हणून पाठवलेला हिशेब 'आचार्यांची मजुरी' होऊन पोचतो, आणि सह्याद्रीच्या खोल दऱ्यांना एकाएकी भरती येते.

दुसरी वाट भरवशाची खरी, पण तिथे मराठी अस्मितेला अवघड जावे असा एक बारकावा आहे. युनिकोडच्या तक्त्यात या टिंबवाल्या ऱ पुढे जी टीप आहे, तिच्यानुसार हे अक्षर द्राविडी भाषांमधला एक विशिष्ट र देवनागरीत उतरवण्यासाठी आहे. त्याच्या अर्ध्या रूपाने पापणी साधते, हे त्यानंतर येते. म्हणजे पुऱ्या, भाकऱ्या आणि वाऱ्या हा मराठीचा अवघा संसार द्राविडी शेजाऱ्याच्या नावावर असलेल्या खोलीत थाटलेला आहे, आणि बेंगळुरूच्या शिवाजीनगरात भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. शेजारी तरी सुखी आहे काय? कन्नडमध्ये रॅली किंवा रँक लिहिताना र डोळ्यांसमोर सरळ राहावा म्हणून तोच अदृश्य जोडक लागतो, फक्त तो हलन्ताच्या आधी द्यावा लागतो, तर देवनागरीत नंतर. एकच खिळा दोन घरांत उलटसुलट ठोकणाऱ्या या सुतारकामाची तपशीलवार मीमांसा विद्वानांवर सोपवणेच बरे.

ॲ ची कथा त्या मानाने थोडक्यात संपते: २००८ साली त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, तरी जुन्या सवयीने अ वर चंद्र ठेवणाऱ्यांच्या मजकुरात अनेक यंत्रे मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घालून आपली नापसंती नोंदवतात.

म्हणून जाणत्याने पत्रिका छापायला देताना टंक आतच गोठवलेली पीडीएफ द्यावी आणि कागदावरचे मुद्रित स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे. काही सावध मंडळी तर शब्दच टाळतात; आचाऱ्यांचा उल्लेख नको म्हणून ती 'स्वयंपाक करणाऱ्यांचा' असे लिहितात, आणि छापून आल्यावर त्या 'करणाऱ्यांचा' मधल्या र कडे बराच वेळ पाहत राहतात.