थांबा, अजून एक जास्वंद आहे

बेळगावच्या खडेबाजारात बागा नसतात. दुकानं असतात, दुकानांवर माड्या, माड्यांवर गच्च्या, आणि गच्चीवर पाण्याची काळी टाकी, डिशची छत्री, वाळत घातलेली धोतरं आणि आठ-दहा कुंड्या. शहापुरातल्या खडेबाजाराची तऱ्हाही फार वेगळी नाही. तरी या दोन्ही बाजारांतून सकाळच्या चहाआधी जे व्हिडिओ नातेवाइकांच्या मोबाइलवर येऊन पडतात, ते पाहून पुण्याच्या भाच्याची समजूत होते, की मामांनी निवृत्तीनंतर दोन-चार एकर घेतलेले दिसतात. सोनेरी महिरपीची चौकट उघडते, तिच्यातून जास्वंद पुढे येते, संथपणे मोठी होते, पाकळ्या-पाकळ्या होऊन विरते आणि त्या जागी मोगरा उगवतो. मागे बासरी चालू असते. हे सगळं घडवणारे गृहस्थ बँकेतून, पोस्टातून नाहीतर हायस्कुलातून निवृत्त झालेले असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असतं, त्यामुळे तांबडा रंग किती तांबडा असतो याचा त्यांना नव्यानं साक्षात्कार झालेला असतो. आपण त्यांना स्लाइडशोवाले काका म्हणू. काकांना हसणं सोपं आहे आणि सगळे हसतातच. पण हसणारे त्यांना छायाचित्रकार म्हणून जोखतात, ही मुळात परीक्षेचीच चूक आहे. काका पंगतीत वाढायला उभे आहेत. त्यांची कला आग्रहाची आहे, आणि त्या मापानं मोजलं तर त्यांचं एकेक वेडगळ वाटणारं कृत्य सरळ हिशेबात बसतं.

आधी क्लोजअपचं पाहू. काका फुलाच्या इतक्या जवळ का जातात? रसिकता हे उत्तर अर्धंच खरं. कॅमेरा वीतभर मागे घेतला की टाकी येते, आणखी मागे घेतला की शेजारणीची नऊवारी येते. म्हणजे क्लोजअप ही गच्चीवाल्याची जमीन आहे. ज्याला सात-बारा नाही त्यानं चार बोटांच्या अंतरावरून उद्यान उभं करायचं. आणि इतक्या जवळ गेल्यावर काम अवघड होतं, हे हसणाऱ्यांच्या गावीही नसतं. एवढ्या अंतरावर भिंगाला जेमतेम काही मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट दिसतो. जास्वंदीच्या मधल्या दांड्याच्या टोकाला मखमली तांबड्या ठिपक्यांसारखे पाच स्त्रीकेसर असतात. ते रेखीव आले तर खालचे पिवळे परागकण धूसर होतात आणि पाकळी तर नुसता रंगाचा धूर. अशात कॅम्पाच्या बाजूनं वाऱ्याची झुळूक आली की सगळंच गेलं. बरं, जास्वंद पुष्कळदा एका दिवसाचीच पाहुणी. सकाळी उमलली की संध्याकाळी मिटून लोळागोळा. तेव्हा काका सातला गच्चीवर, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात इस्त्रीची पाणी मारायची बाटली. होय, ते दवबिंदू त्या बाटलीतले असतात. यात फसवणूक पाहणाऱ्यांनी पानाभोवतालच्या रांगोळीलाही फसवणूक म्हणायला हवं.

मग चौकट. सुशिक्षित टीकाकारांचा खरा राग हिच्यावर. फूल इतकं सुंदर असताना त्याला सोनेरी वेलबुट्टीत कोंबायचं कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं अगदी कोरडं आहे. मोबाइल उभा धरलेला असतो आणि लेकानं घेऊन दिलेला टीव्ही आडवा असतो. उभं चित्र आडव्या पडद्यावर टाकलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात, आणि काळा रंग शुभकार्यात चालत नाही. चौकट ती जागा भरते. दुसरं उत्तर जुनं आहे. आपल्याकडे चित्राला मान मिळतो तो चौकटीत बसल्यावर. शिवाजी महाराज, दत्तगुरू, आजोबा आणि नातीचं पदवीदान हे चौघंही भिंतीवर चढतात ते काच आणि पट्टी लागल्यावरच. बिनचौकटीचा फोटो गादीखाली नाहीतर पंचांगाच्या पानांत जातो. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या, तेव्हा लोकांनी त्या नुसत्या टांगल्या नाहीत. छापील लुगड्यांवर जर चिकटवली, टिकल्या लावल्या, खरं कापड नेसवलं. आज संग्रहालयं त्या नटवलेल्या प्रती कौतुकानं जपतात. काकांच्या मोगऱ्यालाही शंभर वर्षं थांबायची तयारी असली तर संग्रहालय मिळेल. अडचण एवढीच, की मोबाइल दर तीन वर्षांनी बदलतो.

याहून टोकदार आक्षेप हालचालीबद्दल आहे. फूल जिवंत आहे, समोर आहे, मग सरळ व्हिडिओ घ्या. स्थिर फोटो काढून तो यंत्राकडून हलवून घेण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला? अमेरिकेत केन बर्न्स यांनी यादवी युद्धावरच्या 1990 च्या माहितीपट-मालिकेत जुन्या फोटोंवरून कॅमेरा हळूहळू फिरवला, तेव्हा त्यांच्यापुढे इलाज नव्हता. फोटोतली माणसं कधीच गेलेली होती. पुढे 2003 मध्ये अ‍ॅपलनं आपल्या संगणकांत ती सरकती चाल बर्न्स यांच्या नावानं बसवली, आणि तिथून ती नाव पुसून प्रत्येक अ‍ॅपमध्ये आणि अखेर खडेबाजारात आली. पण काकांची जास्वंद तर हयात आहे! हयात आहे हे खरं, पण ती काही करत नाही. फुलाचा सरळ व्हिडिओ म्हणजे दोन मिनिटं न हलणारं फूल, आणि मागे रिक्षाचा हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, खालून काकूंचं ‘अहो, दूध उतू गेलं.’ झाडाचा वेग माणसाच्या धीराला परवडत नाही, हे दादासाहेब फाळके यांना केव्हाच उमगलं होतं. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीचं रोज थोडं-थोडं चित्रण केलं आणि अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. पैसे मिळाले, आणि 1913 च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आपल्या सिनेमाचं भांडवल कुंडीतून उगवलं आहे. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1892 साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हातानं रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर टाकून, काचा सरकवून हलती केली आणि खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ असं नाव ठेवलं. स्थिर चित्राला हलवून प्रेक्षकाला बसवून ठेवायचं, हे घराणं इतकं मोठं आहे. काकांना त्याचा पत्ता नाही. त्यांना ‘झूम इन, हळू’ एवढंच बटण माहीत आहे, आणि ते पुरतं.

बसवून ठेवणं, इथेच सगळं येतं. नुसते चाळीस फोटो पाठवले तर पाहणारा अंगठ्यानं ते आठ सेकंदांत संपवतो. स्लाइडशोमध्ये अंगठ्याचं काही चालत नाही. प्रत्येक फुलाला पाच सेकंद, बदलाला दोन, म्हणजे चाळीस फुलांना चार मिनिटं चाळीस सेकंद. तेवढं जेवल्याशिवाय पानावरून उठता येत नाही. पळवून पाहिलं तर? त्याचा बंदोबस्त आहे. संध्याकाळी फोन येतो: ‘बघितलास की मधेच सोडलास? पिवळ्या अबोलीनंतर काय होतं सांग.’ हा उपद्रव आहे हे मान्य करावंच लागेल, कारण आग्रह हा कायमच उपद्रव असतो; कुंद्याचा दुसरा चमचा नको असताना पानात पडतो, तेव्हाही तो उपद्रवच असतो, आणि बेळगावात तो चुकवून कोणी गेलेलं नाही. उलट असं आहे, की ज्या भाच्याला इतर कोणी पाच सेकंदही एका जागी धरून ठेवू शकत नाही, त्याला काका केवळ ओशाळं करून चार मिनिटं फुलं बघायला लावतात. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनाही हे जमलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं व्हिडिओला 16 एमबीची मर्यादा घातली होती, त्या काळात तर काका भाग 1, भाग 2, भाग 3 असे पाठवत आणि भाग 2 आधी पोहोचला की पुन्हा पहिल्यापासून.

आता म्हणतात, काकांची गरजच संपली. फोन आपणहून फोटो निवडतो, संगीत लावतो आणि ‘आठवणी’ म्हणून व्हिडिओ तयार ठेवतो. ठेवतो खरा. पण त्याला शेजारणीची नऊवारी आणि मोगरा यांतला फरक कळत नाही, ठिकाण म्हणून तो ‘बेळगावी’ घालतो (काका ते खोडून ‘बेळगाव’ करतात, सीमालढ्यातला त्यांचा रोजचा वाटा तेवढाच), आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ पाहिलात का हे विचारायला तो संध्याकाळी फोन करत नाही. काकांच्या बाजूनं इतकं बोलल्यावर त्यांचा एक दोष मात्र झाकता येत नाही. त्यांना काही गाळता येत नाही. पावसाळ्यात एखाद्या रात्री ब्रह्मकमळ उमलतं. मूळचा मेक्सिकोकडचा हा निवडुंग आपल्याकडे येऊन देवाचा झाला आहे, त्यामुळे गल्लीतली माणसं हळदीकुंकू घेऊन गच्चीवर येतात आणि काका नऊपासून मध्यरात्रीपर्यंत फोटो काढतात. त्यातले पस्तीस डोळ्यांना एकसारखे. काकू म्हणतात, दोन ठेवा. काका तिन्ही बाजूंनी चष्मा फिरवून बघतात, पस्तीसही ठेवतात, शेवटी मोठ्या अक्षरांत ‘धन्यवाद’ घालतात, आणि धन्यवादानंतर, बासरी संपल्यावर, चौकट बदलून आणखी एक.