सुवर्णकमळ दिल्लीत, प्रेक्षक वसमतला

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली की आमच्या वसमतमध्ये दोन गट पडतात. पहिला, ज्यांनी ते सिनेमे पाहिलेले नसतात. दुसरा, ज्यांनी त्यांची नावंही ऐकलेली नसतात. मत मात्र दोन्हीकडे तयार असतं. मोंढ्यात हळदीचा लिलाव चालू असतानाही कुणीतरी मान वळवून विचारतं, "मास्तर, औंदा कोनाला भेटलं मग?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडचा सांगून मोकळा होतो, "कोनाला का भेटना, वशिल्याबिगर भेटतंय काय!"

वशिल्याच्या सिद्धांतावर माझा फारसा विश्वास नाही. चार शहाणी माणसं एका टेबलाभोवती बसली की कुणालाच फार न आवडलेला, पण कुणाचाच विरोध नसलेला उमेदवार पहिला येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात परीक्षक म्हणून बसलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे विचारा. त्यासाठी वशिला लागत नाही, जेवणाची वेळ झालेली असली म्हणजे पुरे.

खरा फरक आहे तो सिनेमा पाहण्याच्या जागेचा. परीक्षक सिनेमा पाहतात तेव्हा मागून "ए टोपीवाले, खाली बसा" असं कुणी ओरडत नाही. माझं सिनेमाचं शिक्षण झालं औंढा नागनाथला, महाशिवरात्रीच्या यात्रेत, तंबूत, मातीवर बसून. तिथला निकाल सिनेमा चालू असतानाच लागायचा. गाणं सुरू झालं आणि अर्धा तंबू बिडी ओढायला बाहेर गेला की संगीतकार नापास. बायांनी पदर तोंडाला लावला की पडद्यावरची आई पास. रीळ तुटलं आणि कुणीच शिवी दिली नाही, तर सगळा सिनेमाच पडला असं समजायचं. कारण पुढं काय होतं याची कुणाला फिकीरच नसायची.

'शोले'च्या वेळी मात्र रीळ तुटलं की तंबू डोक्यावर घेतला जायचा. त्याच 'शोले'ला १९७६च्या फिल्मफेअरमध्ये एकच बक्षीस मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. म्हणजे इतक्या मोठ्या लवाजम्यातून बाहुली घेऊन परतला तो एकटा मराठी माणूस, आणि तोही पडद्यावर कुठंच न दिसणारा. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'दीवार'. सहायक अभिनेत्याचं बक्षीसही 'दीवार'च्या शशी कपूरला गेलं आणि अमजद खानचा गब्बर हात हलवत घरी आला. शशी कपूरच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडं गणपतीच्या मांडवातल्या भोंग्यावर कोण गरजत राहिला, हे तपासायला हरकत नव्हती. शिंद्यांचं बक्षीस मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. कुठं थांबायचं हे कळणं ही फार अवघड कला आहे. आमच्याकडच्या सत्कार समारंभातल्या भाषणांवरून ती किती दुर्मिळ आहे तेही लक्षात येतं.

प्रेक्षक आणि परीक्षक यांचं भांडण आमच्या जिल्ह्याला नवं नाही. नर्सीचे नामदेव महाराज औंढ्याला नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा तिथल्या मानकऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागं घालवलं. महाराजांनी मागं उभं राहून कीर्तन केलं आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, अशी आख्यायिका आमच्याकडं लहान मूलही सांगतं. परीक्षकांनी बाद केलं आणि रसिकानं तोंड वळवलं, याचं इतकं जुनं उदाहरण दुसरीकडं सापडायचं नाही. रसिक साक्षात नागनाथ होता, एवढाच काय तो फरक.

क्वचित दोघांचं जमतंही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६चा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. इकडं विष्णुपंत पागनीस दिसले की लोक त्यांच्या पाया पडायचे. व्हेनिसच्या परीक्षकांना अभंगातलं किती कळलं असेल देव जाणे, आणि आमच्या आजीला व्हेनिस कुठं आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण दोघांनी एकाच माणसाला गुण दिले. अशा निकालाला मी खरा निकाल मानतो.

आता सुवर्णकमळांबद्दल. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ साली सुरू झाले आणि पहिलंच सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'नं पटकावलं. त्यानंतर मराठी सिनेमानं सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या बक्षिसाची जी वाट पाहिली ती थेट २००४पर्यंत, 'श्वास' येईतो. पन्नास वर्षं! मग मात्र 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' पाच वर्षांत पाठोपाठ आले. आमच्याकडच्या पावसासारखंच हे: येत नाही तेव्हा येतच नाही, आणि आला की पुलावरून पाणी.

'श्वास'वर माझं मत विचाराल तर दहापैकी दहा. कोकणातला आजोबा डोळ्यांचा कर्करोग झालेल्या नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतो, आणि नजर जाण्याआधी पोराला जग दाखवायला बाहेर काढतो. आमच्याकडचा माणूस नांदेडच्या नाहीतर संभाजीनगरच्या दवाखान्यात पेशंट घेऊन जातो, तेव्हा त्याचा चेहरा हुबेहूब अरुण नलावड्यांसारखा होतो: डॉक्टरांचं सगळं समजल्यासारखी मान हलवायची आणि ते गेल्यावर वॉर्डबॉयला विचारायचं, "काय म्हनले हो साहेब?" माझा चुलता हा सिनेमा पाहून उठला आणि म्हणाला, "ह्याच्यात नवं काय हाय? हे तर आपलंच हाय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

'देऊळ'ला सुवर्णकमळ मिळालं ते ब्यारी भाषेतल्या 'ब्यारी' या सिनेमासोबत विभागून. अर्धं कमळ, असं आमच्या मोंढ्याचं म्हणणं पडलं. गिरीश कुलकर्णींना अभिनयाचं आणि संवादांचं बक्षीस मिळालं, तेही रास्तच. पण सिनेमातल्या करडी गाईसाठी एखादं विशेष उल्लेखाचं प्रमाणपत्र काढायला हवं होतं. अख्ख्या गावात आपला स्वार्थ न पाहणारी तीच एक होती. ज्योतिर्लिंगाच्या तालुक्याशेजारी राहून हा सिनेमा पाहायचा म्हणजे जरा अवघड जागचं दुखणं. दवाखाना की देऊळ हा पडद्यावरचा वाद पाहताना सगळे खो खो हसले, आणि घरी गेल्यावर आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या सभामंडपाची वर्गणी ठरली. मीही दिली.

'कोर्ट' आम्ही घरीच पाहिला. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा व्हेनिसला दोन बक्षिसं घेऊन आला होता, म्हणून शेजारच्या तात्यांनाही बोलावलं. तात्यांची शेताच्या बांधाची केस बरीच वर्षं चालू आहे, तेव्हा विषयातले तेच जाणकार. सिनेमातली कोर्टातली वकिली तात्यांना माहीत होती ती 'दामिनी'मधली. त्यात सनी देओल असा काही गरजला की त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कोर्ट'मध्ये मात्र कुणी गरजत नाही. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील एकसुरी आवाजात कलमं वाचते, मग घरी जाऊन स्वयंपाक करते. शेवटाकडं कोर्टाला सुट्टी लागते, शिपाई दिवे मालवतो आणि पडदा बराच वेळ काळाकुट्ट राहतो. तात्या उठले, "लाईट गेली वाटतं," म्हणून बाहेर जाऊन डीपीकडं पाहून आले. परत आले तर न्यायाधीश महाराज सहलीला निघालेले. तात्या शांतपणे बसले आणि म्हणाले, "हां, हे बरोबर दावलं. मपल्या केसचं असंच झालंय." माझ्या मते 'कोर्ट'ला मिळालेली सगळी पारितोषिकं एकीकडं आणि तात्यांचं हे वाक्य एकीकडं.

मराठी सिनेमाला दिल्लीत हमखास बक्षिसं मिळवून देते ती आपली पोरं. 'श्वास'चा अश्विन चितळे, 'टिंग्या'चा शरद गोयेकर, 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे, 'नाळ'चा श्रीनिवास पोकळे. २०२५मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या पुरस्कारांत तर बालकलाकारांच्या यादीत मराठी पोरांचीच गर्दी. त्यातली चिमुकली त्रिशा ठोसर साडी नेसून बक्षीस घ्यायला गेली आणि त्या दिवशी शाहरुख खानपेक्षा तिचीच चर्चा आमच्याकडं जास्त झाली. पोरं अभिनय करत नाहीत, राहतात, असं माझं निरीक्षण आहे. मोठ्यांना हे साधायला फार वर्षं लागतात. आणि साधतं तेव्हा बक्षीस देणारे दुसरीकडं पाहत असतात. 'फँड्री'त डुकरामागं धावणारा किशोर कदमांचा कचरू आठवा. त्या बापाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याच ७१व्या यादीत शाहरुखला 'जवान'साठी पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, विक्रांत मॅसीसोबत. 'जवान'मध्ये ट्रॅक्टरच्या कर्जापायी जीव देणारा शेतकरी आहे. तो प्रसंग आमच्या जिल्ह्यात कुणी चिप्स खात पाहिला नसेल. तरीही माझं मत असं की हे बक्षीस 'स्वदेस'चं होतं. स्टेशनावर पाणी विकणारं पोर पाहून त्या माणसाचा चेहरा जो बदलतो, त्याला कोणतंही कमळ कमीच पडलं असतं. त्या वर्षीचं बक्षीस गेलं 'हम तुम'मधल्या सैफ अली खानला. सैफचा सिनेमा छान होता, हलका होता, सुपारीसारखा चघळता येण्याजोगा होता. पण जेवण झाल्याशिवाय सुपारी कोण देतं?

दूरदर्शनच्या पडद्यावरचे, म्हणजे आताच्या वाहिन्यांचे पुरस्कार हे वेगळंच प्रकरण आहे. तिथं वाहिनी आपल्याच मालिकांना आपल्याच सोहळ्यात आपलीच बक्षिसं देते. घरचं लग्न, घरचाच आहेर. सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट जोडी, सर्वोत्कृष्ट कुटुंब. कुणी रुसून बसायला नको. माझी आत्या हे सोहळे डोळ्यांत तेल घालून पाहते. सासूचं बक्षीस जाहीर झालं की तिचा एकच आक्षेप असतो: "सुनंला इचारलं का?" खलनायिकेच्या बक्षिसाबद्दल मात्र तिची तक्रार नसते. तिच्या मते मालिकेत मन लावून काम करणारी तेवढी एकच असते; बाकीच्या नुसत्या रडतात. "कामून रडायलीस माय, एकदा बोलून टाक की," असं ती टीव्हीला सांगते. आत्याचा हा सल्ला लेखकांनी ऐकला असता, तर निम्म्या मालिका पहिल्याच आठवड्यात संपल्या असत्या.

एवढी मतं मांडली, तरी एका सिनेमाबद्दल मला बरीच वर्षं गप्प बसावं लागलं. 'कासव'ला २०१७मध्ये सुवर्णकमळ जाहीर झालं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचा सिनेमा, त्यात मन खचलेला एक तरुण. अशी तरुण पोरं आमच्या गावोगावी आहेत, त्यांच्या आयांना हा सिनेमा दाखवायला हवा होता. पण इथं पडद्यावर तो काही लागला नाही. आणि इथंच, औंढ्याजवळ दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली असतील, तर त्यांची लहर तिथं टिपली जाईल. केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केलेत. विश्वाच्या टोकाची लहर हिंगोली जिल्ह्यात पोहोचेल. कोकणात काढलेला मराठी सिनेमा मात्र अजून वाटेत आहे.

यावर माझी एक सूचना आहे. पुरस्कारासोबत मानपत्र द्या, रोख रक्कम द्या, शाल द्यायची तर द्या. पण एक अट घाला: बक्षीस मिळालेला प्रत्येक मराठी सिनेमा वर्षाच्या आत प्रत्येक तालुक्याच्या गावी एकदा तरी दाखवला गेला पाहिजे. आमच्या जिल्ह्यात वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि हिंगोली, अवघे पाच खेळ. हिंगोलीत रामलीला मैदानावर दसऱ्याचा एवढा मोठा सोहळा भरतो. आकाशपाळण्याच्या शेजारी एक पडदा लावायला कितीशी जागा लागते? परीक्षकांपैकी एखाद्यानं आमच्यासोबत मातीवर बसावं. तात्या, आत्या आणि मोंढ्यातली मंडळी असतीलच. निकाल तिथल्या तिथं कळेल.

आणि वाचकहो, तोवर तुम्ही एवढंच करा. पुढच्या वर्षी यादी आली की वशिल्याची चर्चा सुरू करण्याआधी त्यातला निदान एक सिनेमा पाहून घ्या. मग भांडा. पाहून भांडण्यात जी मजा आहे, ती न पाहता भांडण्यात नाही.