जायचं भाडं तुमचं, यायचं आमचं

सरकारी योजनेचे नियम कुणी वाचत नाही, त्यामुळे त्यातले विनोद फुकट जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात खाट, शस्त्रक्रिया, औषधं, रुग्णाचं जेवण हे सगळं येतं. शिवाय एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही येतं, पण ते एकदाच आणि फक्त रुग्णालय ते घर. घरून रुग्णालयात कसा पोचलास, हे कुणी विचारत नाही. पोचलाय ना? मग आला असेल कसातरी!

आता हा रुग्ण अंजनवेलीचा आहे असं धरा. गुहागर तालुक्यात रेल्वेच नाही, म्हणजे दुसऱ्या वर्गाचा प्रश्न मिटला. चिपळूण पन्नासेक किलोमीटर, आणि मोठी दुखणी बहुधा त्याच्याही पुढे जातात. रात्री छातीत कळ आली तर 108 ची रुग्णवाहिका आहे, 2014 पासून आहे, आणि तिनं माणसं वाचवली आहेत. पण तारीख ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला 108 येत नाही. डायलिसिसला तर आठवड्यातून दोन-तीनदा जायचं. उपचार मोफत, गाडीवाला मात्र रोख मागतो.

योजनेला नावं ठेवली तर जीभ झडेल. पूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया म्हटली की आधी कलमांची बाग गहाण पडायची. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं योजना आली, पुढच्या वर्षी रत्नागिरीसह राज्यभर पोचली, 2017 मध्ये नाव बदललं. उपचारांच्या खर्चाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली, पिवळ्या-केशरीच्या पंगतीत पांढरं रेशनकार्डही बसलं. अर्थात अंजनवेल आकड्यांनी दिपत नाही. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचे 2184 मेगावॅट इथल्याच सड्यावर उतरायचे होते; 2001 साली प्रकल्पाला कुलूप लागलेलंही गावानं पाहिलं.

कोकणात आणखी एक पेच असतो. रुग्णालयातला आरोग्यमित्र बिचारा संगणकात डोकं घालून विचारतो, "काका, तुमचं नाव गावच्या रेशनकार्डात दिसत नाही?"

"दिसेल कसं? मुलानं डोंबिवलीच्या कार्डात घातलंय."

"मग ते कार्ड आणा."

म्हणजे काकांचं हृदय अंजनवेलीत, नाव डोंबिवलीत आणि कार्ड मुलाच्या कपाटात, ज्याची किल्ली सूनबाईंकडे. सूनबाई कामावर!

एवढं करून काका बरे होतात. सुट्टीनंतरचे 10 दिवस तपासणी आणि औषधं पॅकेजात. अकराव्या दिवशी रक्तदाब काकांच्या मालकीचा होतो.

मंत्रालयाला फार त्रास द्यायचा नाही. तेवढं 'रुग्णालय ते घर' पुसून 'घर ते रुग्णालय' करा. भाडं तेवढंच पडेल. परतीचं काका बघतील, तेव्हा निदान छातीत दुखत तरी नसेल.